दुसरं सत्र



महाराष्ट्रातल्या शाळेचं वर्ष जूनच्या मध्यावर उघडतं आणि एप्रिलमधल्या परीक्षेनं आटोपतं. मध्ये दिवाळीची सुट्टी येते आणि वर्षाची दोन सत्रं होतात. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या कातकरवाड्यांचं वर्षही दिवाळीलाच दुभागतं. भातकापणी आणि झोडणी उरकली की बिऱ्हाडं बांधली जातात, ट्रक किंवा टेम्पो वाडीच्या तोंडाशी येऊन उभा राहतो आणि कुटुंबं वीटभट्टीवर जातात. कुणी कर्जतमधल्याच भट्टीवर, कुणी पनवेल, कल्याण, भिवंडीकडे, तर कुणी कोळसा पाडायला जिल्ह्याबाहेर. परत यायचं ते पावसाच्या तोंडावर.

ही दोन वेळापत्रकं शेजारी ठेवली की एक साधी गोष्ट दिसते. स्थलांतर करणाऱ्या घरातलं मूल दर वर्षी शाळेचं पहिलं सत्रच तेवढं पाहतं. त्याला पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन मिळतं, सव्वीस जानेवारीचं मिळत नाही. सहल, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा या साऱ्या गोष्टी बहुतेक शाळांत दिवाळीनंतर होतात. गणिताच्या पुस्तकाची पुढची पानं, मराठीच्या पुस्तकातल्या शेवटच्या कविता आणि वर्षाची परीक्षाही त्याच काळात. वर्गातली बाकीची मुलं जूनमध्ये भेटतात तेव्हा त्यांच्याकडे गेल्या वर्षाच्या आठवणी असतात. कुणी सहलीला कुठे हरवलं, नाटकात कोण राजा झालं, कबड्डीत कुणाचा गुडघा फुटला. या गप्पांत भट्टीवरून आलेल्या मुलाला जागा नसते. वर्गाचा इतिहास त्याच्याशिवाय घडलेला असतो.

स्थलांतरित मुलांच्या शिक्षणाबद्दल बोलताना सहसा पटसंख्या, गळती आणि वाचनाची पातळी यांचाच हिशेब मांडला जातो. तो आवश्यकच आहे. युनेस्कोच्या 2019 च्या जागतिक शिक्षण अहवालानुसार भारतात 2013 साली 6 ते 14 वयोगटातली सुमारे 1 कोटी 7 लाख मुलं हंगामी स्थलांतर होणाऱ्या ग्रामीण घरांत राहत होती. अशा घरांतल्या 15 ते 19 वयाच्या 28 टक्के मुलामुलींना लिहिता-वाचता येत नव्हतं किंवा त्यांचं प्राथमिक शिक्षणही पुरं झालं नव्हतं. देशातल्या त्या वयाच्या एकूण मुलांत हे प्रमाण 18 टक्के होतं. पण या आकड्यांच्या आधी मुलाच्या मनात काहीतरी घडून गेलेलं असतं. शाळा सुटते त्याच्या बरंच आधी शाळा आपली वाटेनाशी होते. आजच्या व्याख्यानाचा विषय तो आहे.

आधी ही मुलं ज्या समाजातून येतात त्याकडे पाहायला हवं. कातकरी म्हणजे खैराच्या लाकडापासून कात काढणारे. इंग्रजी अमदानीत जंगलावर सरकारी बंधनं आली आणि हा धंदा हातून गेला. मग कोळसा पाडणं, लाकूडफाटा, मासेमारी, शेतमजुरी आणि पुढे वीटभट्टी. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती केंद्र सरकारनं विशेष असुरक्षित आदिम जमाती म्हणून नोंदल्या आहेत. त्यांतल्या कातकऱ्यांची मोठी वस्ती रायगड आणि ठाणे-पालघर पट्ट्यात आहे. बहुसंख्य कुटुंबांकडे पोटापुरतीही जमीन नाही. पावसाळ्यात हाताला काम नसतं, घरात दाणा नसतो. त्याच वेळी मुकादम येतो. गौरी-गणपतीला, आजारपणाला, लग्नाला पैसे देतो. ही उचल, हाच बयाणा. ती फेडायची दिवाळीनंतर, भट्टीवर.

भट्टीवर मजुरी माणशी ठरत नाही, हजार विटांमागे ठरते, आणि ती नवरा-बायकोच्या जोडीला मिळते. आठवड्याच्या बाजाराला खर्ची, आणि हंगाम संपल्यावर उचल वजा करून हिशेब. हजारावर मोल ठरलं की घरातला प्रत्येक हात कामाचा होतो. पहाटेच्या अंधारात गारा कालवायला सुरुवात होते. मोठी माणसं विटा पाडतात, मुलं वाळत घातलेल्या विटा उलटतात, रचतात, पाणी आणतात. आठ-नऊ वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर खोपीशी बसते. कागदावर ती तिसरीत असते.

हे मूल जूनमध्ये शाळेत येतं तेव्हा त्याच्यासमोर एकाच वेळी तीन अडचणी उभ्या असतात.

पहिली भाषेची. घरी कातकरी बोली, भट्टीवर मुकादमाची मराठी किंवा हिंदी, आणि पुस्तकात प्रमाण मराठी. पहिल्या सत्रात मूल वर्गाच्या भाषेला सरावतं, प्रश्नाला उत्तर देण्याइतका धीर त्याला येतो आणि तेवढ्यात निघायची वेळ होते. पुढच्या जूनला पुन्हा पहिल्यापासून. शिक्षकाला वाटतं की मूल बोलतच नाही. खरं तर ते दर वर्षी बोलायला शिकतं आणि दर वर्षी ते मोडतं.

दुसरी वयाची. दोन-तीन हंगाम असे गेले की दहा वर्षांचं मूल आठ वर्षांच्या मुलांइतकंही वाचत नाही. भट्टीवर मोठ्यांच्या बरोबरीनं राबलेल्या, धाकट्याला सांभाळलेल्या या मुलाला शाळेत बाराखडीशी बसवलं जातं. त्याची लाज मुलं सांगत नाहीत. ती मागच्या भिंतीशी, दाराजवळ बसतात, मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन धाकट्या भावंडाचा हात धरून घरी निघून जातात.

तिसरी अडचण सर्वांत अवघड, ती मैत्रीची. मुलांच्या मैत्रीला रोजचा सहवास लागतो. खेळात कोण कुणाच्या बाजूला, डब्याला कोण कुणाशेजारी, हे रोजच्या रोज ठरत असतं. सहा-सात महिने गैरहजर राहिलेल्या मुलाची जागा या काळात भरून गेलेली असते. त्यात जातीचा भेद मिसळतो. कातकरी मुलाच्या कपड्यावरून, केसावरून, वासावरून, घरी उंदीर-खेकडे खातात यावरून बोललं जातं. ते मुलांनी मोठ्यांकडून उचललेलं असतं. शिक्षक तेव्हा गप्प राहिला तर वर्गाला त्याची संमती मिळते. शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमानं शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी घातली आहे, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

शिक्षकाच्या मनात काय चालतं, हेही या प्रश्नात मोठं आहे. 1968 साली रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन या अमेरिकन संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेतला प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलं यंदा विशेष प्रगती करतील असं त्यांनी शिक्षकांना सांगितलं होतं. ती मुलं प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. वर्षअखेर पहिली-दुसरीच्या वर्गांत त्या मुलांची बुद्धिमापन चाचणीतली वाढ इतरांहून जास्त निघाली. परिणाम नेमका किती मोठा, यावर पुढे खूप वाद झाला. पण शिक्षकाची अपेक्षा मुलापर्यंत पोचते ही गोष्ट वर्गात शिकवणारा कुणीही ओळखेल. ‘हा काय, दिवाळीनंतर जाणारच’ हे वाक्य शिक्षकखोलीत सहज बोललं जातं. ते खोटं नसतं, आणि बोलणारा शिक्षक वाईट नसतो. दोन शिक्षक, चार इयत्ता, शाळाबाह्य कामं आणि ऑनलाइन माहित्या यांत तो बुडालेला असतो. तरीही त्या अपेक्षेमुळे मुलाला फळ्याजवळ बोलावणं कमी होतं, वही तपासणं राहून जातं, वर्गाचा मॉनिटर नेमताना त्याचं नाव सुचत नाही. जाण्याआधीच मूल वर्गातून वजा होतं.

कर्जत-खालापूरला या प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. इथून माणसं जातात तशी इथे येतातही. खोपोलीत टाटांचं जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झालं, पुढे पोलाद, पाइप आणि कागदाचे कारखाने आले, रसायनीत रसायन उद्योग आले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गानं चौक-खालापूर पट्ट्यात गोदामं आणि गृहसंकुलं वाढली. कर्जत-नेरळकडे फार्महाऊस आणि बांधकामं वाढली. या कामांवर उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातून आणि मराठवाडा, विदर्भ, उत्तर कर्नाटकातूनही कुटुंबं येतात. एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या एकाच वर्गात आगरी घरातलं मूल, ठाकूरवाडीतलं मूल, भोजपुरी बोलणारं मूल आणि गोरमाटी बोलणारं बंजारा मूल शेजारी बसलेलं दिसू शकतं.

परप्रांतातून आलेल्या मुलाचा एकटेपणा वेगळा. कातकरी मुलाला निदान वाडी आहे, गावदेवी आहे, जूनमध्ये परतायला घर आहे. पत्र्याच्या लेबर कॅम्पात राहणाऱ्या मुलाभोवती आजी-काका-आत्या यांतलं कुणी नसतं. इमारत उभी राहिली की कॅम्प हलतो, आणि पुढचा मुक्काम कोणत्या गावी हे बापालाही ठाऊक नसतं. शाळेत ‘भय्या’ ही हाक त्याचं नाव होऊन बसते. लहान मुलं नवी भाषा लवकर उचलतात, आणि मग एक उलटी अडचण येते. मूलच आईबापांचं दुभाषी होतं. दवाखान्यात, रेशन दुकानात, शाळेच्या पालकसभेत तेच बोलतं. घरातल्या चिंता त्याला वयाच्या आधी कळतात. काही मुलं यानं खंबीर होतात, काही आतल्या आत आक्रसतात. बाहेरून दोन्ही ‘समजूतदार’ दिसतात आणि म्हणून त्यांच्याकडे लक्ष जात नाही.

कायद्यानं या मुलांचा विचार केलेला आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या 4 थ्या कलमानुसार मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा आणि बरोबरीला आणण्यासाठी विशेष शिक्षण द्यायचं आहे. 5 व्या कलमानुसार दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देण्याची जबाबदारी 9 व्या कलमानं थेट स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. आणि 29 व्या कलमात अभ्यासक्रमानं मुलाला भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावं असं लिहिलेलं आहे. म्हणजे मुलाच्या मनाची काळजी हा शिक्षकाच्या भलेपणावर सोडलेला विषय नाही, ते शाळेचं कायदेशीर काम आहे. महाराष्ट्रानं पुढे शिक्षण हमी कार्ड आणलं, हंगामी वसतिगृहं काढली, बालरक्षक शिक्षक नेमले, 2022 च्या जुलैमध्ये ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ मोहीम घेतली. या सगळ्यांत मूल शोधून त्याचं नाव पटावर आणण्यावर भर राहिला. नाव पटावर आल्यानंतर ते मूल वर्गात कसं रुजतं, याची नोंद ठेवणारा रकाना कुठल्याही रजिस्टरात नाही.

शाळेनं मुलाकडे जावं, ही कल्पना मराठी मुलखाला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून तिथे कुरणशाळा निघाली. गुरं चरतात तिथेच शिकवणं. लहान भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. मूल शाळेत का येत नाही याचं उत्तर त्यांनी मुलाच्या दिवसात शोधलं, त्याच्या स्वभावात शोधलं नाही.

त्याच वाटेनं नव्वदच्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद या संस्थेनं ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुरांची खोपी. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींवर संतुलन संस्थेनं पाषाणशाळा उभ्या केल्या. रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांच्या डोअर स्टेप स्कूलनं 1988 पासून मुंबईतल्या आणि पुढे पुण्यातल्या वस्त्यांत आणि बांधकामांवर वर्ग चालवले. या शाळांनी एक गोष्ट नीट ओळखली होती. तिथलं प्रत्येक मूल स्थलांतरित असल्यानं कुणी वेगळं पडत नव्हतं, कुणी उशिरा आलेलं नव्हतं. शिक्षण हक्क कायद्यानंतर मुलांना जवळच्या नियमित शाळेत घालावं असं धोरण आलं. हक्काच्या दृष्टीनं ते योग्यच होतं. पण भट्टीवरच्या खोपीत जी आपलेपणाची हवा होती, ती नियमित शाळेत आपोआप येत नाही. ती तयार करावी लागते.

मग मुलानं आईबापांबरोबर जावं की मागे राहावं? हंगामी वसतिगृह आणि आश्रमशाळा हे मागे राहण्याचे मार्ग. मोठ्या मुलांना त्यांचा उपयोग होतो आणि शिक्षण टिकतं. मात्र सहा-सात वर्षांच्या मुलाला सहा महिने आईपासून दूर ठेवण्याची किंमत त्याच्या मनाला मोजावी लागते. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं लहान मुलांच्या ताटातुटीवर आयुष्यभर काम केलं आणि सलग आधार देणारं एक तरी माणूस मुलाला लागतं हे दाखवून दिलं. चीनमध्ये आईबाप शहरात कामाला आणि मुलं गावी, अशी 6 कोटी 10 लाख मुलं असल्याचा अंदाज तिथल्या महिला महासंघानं 2013 साली मांडला होता, आणि त्यांच्या एकटेपणाची चर्चा तिथे आजही चालू आहे. म्हणून एकच उत्तर सर्वांना लावू नये. चौथी-पाचवीच्या पुढच्या मुलाला विचारून, आजी-आजोबांच्या घरी किंवा वसतिगृहात ठेवता येईल. त्याहून लहान मुलानं आईजवळ राहावं आणि भट्टीशेजारच्या शाळेत जावं, हे बरं.

मुलांच्या दुःखाची दखल कशी घ्यावी हे खालापूर तालुक्याला माहीत आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. आश्रमशाळेत राहणारी काही मुलं वाचली आणि घरातली माणसं गेली. त्या वेळी या मुलांच्या मनाला सावरायला हवं, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. वीटभट्टीचं स्थलांतर दरडीसारखं एका रात्रीत येत नाही. ते दर वर्षी ठरल्या वेळी येतं, म्हणून त्यात मुलाचं काय मोडतं ते दिसेनासं होतं.

मुळाशी अर्थात उचल आहे. माथेरानचे वकील आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर हुतात्मा झालेले भाई कोतवाल यांनी कर्जत भागात शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी चालवली होती, ती सावकाराच्या पाशातून सुटण्यासाठीच. पुढे कशेळ्याच्या अकादमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सनं आदिवासी वाड्यांत धान्य बँका उभ्या केल्या त्याही पावसाळ्यातल्या उपासमारीवर उपाय म्हणून. वाडीत श्रावण-भाद्रपदात धान्य असेल, रोजगार हमीचं काम दिवाळीनंतर लगेच सुरू होऊन मजुरी वेळेवर मिळेल, वनहक्काचा प्लॉट हाती असेल, तर काही कुटुंबं तरी थांबतील. 15 नोव्हेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकऱ्यांसाठी घरं, अंगणवाड्या आणि वसतिगृहं यांची तरतूद आहे. घराबरोबर घरात राहण्याजोगा रोजगारही मिळाला, तरच त्या घराला दिवाळीनंतर कुलूप लागणार नाही.

हे होईपर्यंत शाळेनं काय करावं? तीन क्षण सांभाळावेत. जाण्याचा, नव्या शाळेत पोचण्याचा आणि परतण्याचा.

जाणाऱ्या मुलाला वर्गानं रीतसर निरोप द्यावा. हमी कार्ड, दुसऱ्या सत्राची पुस्तकं आणि शिक्षकाचा फोन नंबर त्याच्या पिशवीत असावा. भट्टी कोणत्या गावी आहे हे मुकादमाला विचारून तिथल्या मुख्याध्यापकांना एक फोन जावा. मुलाचं नाव, त्याला काय वाचता येतं, कशात रमतं, कशाला घाबरतं, एवढं सांगायला पाच मिनिटं पुरतात. नव्या शाळेनं त्याला पहिल्या दिवशी एक जोडीदार द्यावा, धाकट्या भावंडाला शेजारच्या अंगणवाडीत जागा द्यावी, आणि त्याच्याकडे जे आहे ते वर्गासमोर येऊ द्यावं. भट्टीवरचं मूल हजार विटांची रास नजरेनं मोजतं. कातकरी मुलाला कंद, मासे, मधाची पोळी, पक्ष्यांचे आवाज यांची माहिती शिक्षकापेक्षा जास्त असते. परिसर अभ्यासाच्या तासाला त्याला शिकवायला उभं केलं की वर्गाची नजर बदलते.

परतण्याचा क्षण सर्वांत महत्त्वाचा. 2023 साली राज्यानं पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. नापास झालेल्या मुलासाठी अतिरिक्त मार्गदर्शन आणि दोन महिन्यांत पुनर्परीक्षा अशी सोय आहे. भट्टीवरून येणाऱ्या मुलांसाठी ही पुनर्परीक्षा जूनमध्ये, ती परतल्यावर आणि तयारी करून घेऊन झाली, तर त्यांचं वर्ष वाचेल. ती मे महिन्यात उरकली तर हा नियम नेमका त्यांच्याच मुळावर येईल. आणि परीक्षेइतकंच स्नेहसंमेलनाचंही पाहावं. निदान एक कार्यक्रम, एक सहल, एक क्रीडादिन पहिल्या सत्रात घ्यावा. खर्च वाढत नाही. वर्गाच्या आठवणींत त्या मुलांचंही नाव येतं.

या सभागृहात दोन्ही तालुक्यांतले मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि ग्रामपंचायत सदस्य बसले आहेत. त्यांना एवढीच विनंती आहे. यंदा दसऱ्याच्या आठवड्यात आपापल्या गावातून कोणतं मूल कोणत्या भट्टीवर जाणार आहे याची यादी करा, आणि आपल्या हद्दीतल्या भट्ट्यांवर व बांधकामांवर कोणती मुलं आली आहेत याची दुसरी. दोन्ही याद्या केंद्राच्या बैठकीत एकमेकांना द्या. दिवाळीची सुट्टी लागण्याआधी हे काम पुरं करा.